खिशातला ठोकळा

मागच्या महिन्यात एका रिसर्च कंपनीतून फोन आला. 'प्रोफेशनल्ससाठी नवं डिव्हाइस येतंय, तुमचा फक्त दीड तास हवाय.' बदल्यात गिफ्ट व्हाउचर आणि सँडविच. फ्रीलान्सर माणूस, नाही कशाला म्हणेल!

अंधेरीतल्या एका गारठलेल्या एसी खोलीत आम्ही आठ जण गोल करून बसलो. मॉडरेटर मुलीने हसून विचारलं, "तुम्ही दिवसाचं प्लॅनिंग कसं करता?" आणि मी, जिची निम्मी कामं तळहातावर पेनने लिहिलेली असतात आणि उरलेली निम्मी आईचा फोन आल्यावर आठवतात, ती मी अगदी शांतपणे म्हणाले, "सकाळची पहिली पंधरा मिनिटं टू-डू लिस्टला." सगळ्यांनी माना डोलावल्या. शेजारचा बँकवाला म्हणाला, मी मीटिंगचे मिनिट्स त्याच दिवशी टाइप करतो. त्याच्या खिशातून एक चुरगळलेली पावती डोकावत होती आणि तिच्या पाठीवर फोन नंबर खरडलेले होते. म्हणजे तोही माझ्यासारखाच!

परतताना लोकलमध्ये जरा टोचलं. आमच्या या थापांवर कुणीतरी खरोखरचे पैसे लावणार होतं.

आणि मग जेफ हॉकिन्स आठवला. मास कॉमला असताना सरांनी त्याची गोष्ट सांगितली होती, तेव्हा मी मागच्या बाकावर झोपले होते. आता नीट वाचली. या बाबाची पाम नावाची छोटी कंपनी होती, 1992 साली काढलेली. 1993 मध्ये कॅसिओबरोबर त्यांनी 'झूमर' नावाचं हातात धरायचं यंत्र आणलं आणि ते सपशेल आपटलं. त्याच वर्षी आलेल्या अ‍ॅपलच्या न्यूटनचंही हसं झालं, कारण तुमचं अक्षर त्याला लागेल याची खात्री नसायची. पामवाल्यांनी मग एक शहाणपणा केला. ज्यांनी झूमर विकत घेतला होता, त्यांनाच जाऊन विचारलं. कळलं ते असं, की या लोकांकडे पीसी आधीच आहे, त्यांना दुसरा नकोय. झूमरची खरी टक्कर कागदाच्या डायरीशी आहे.

पण हॉकिन्स एवढ्यावर थांबला नाही. त्याने गॅरेजमध्ये शर्टाच्या खिशात मावेल एवढा लाकडाचा ठोकळा कापला, चॉपस्टिक तासून तिचं पेन केलं, स्क्रीनच्या जागी कागदावर छापलेली चित्रं चिकटवली. आणि कित्येक महिने तो ठोकळा खिशात घालून फिरला. कुणी म्हणालं, अमुक दिवशी मोकळा आहेस का, की ठोकळा काढायचा आणि काडीने टकटक करून कॅलेंडर पाहायचं. लाकडावर! मीटिंगमधल्यांना काय वाटत असेल, देव जाणे. पण माणूस आपण काय करतो हे सांगताना थापा मारतो, आणि ठोकळ्यापुढे थापा चालत नाहीत.

मार्च 1996 मध्ये 'पायलट' आला, 299 डॉलरला. कॅलेंडर, पत्ते, कामांची यादी, मेमो, एवढंच. पाळण्यात ठेवून एक बटण दाबलं की सगळं पीसीवर. अक्षर ओळखायची भानगडही उलटी करून टाकली. मशीनने तुमचं अक्षर शिकण्याऐवजी तुम्हीच 'ग्रॅफिटी' नावाची सोपी बाराखडी शिकायची. लोक शिकलेसुद्धा! (2010 मध्ये एचपीने पाम घेतली आणि पुढच्याच वर्षी ती डिव्हाइसेस बंद केली, पण ते रडगाणं वेगळं.)

आता माझं. पेनने लिहायचा एक टॅब गेले सहा महिने माझ्या मनात आहे. किंमत चाळीस हजारांच्या घरात, म्हणजे माझे तीन थकलेले चेक. शेजारी किचनच्या ट्रॉल्यांचं काम चाललं होतं, तिथल्या सुतारकाकांकडून टॅबच्या मापाचा प्लायचा तुकडा कापून घेतला. "ताई, पोळपाट हवाय का?" काका म्हणाले. नाही हो काका, संशोधन!

चौदा दिवस तो सॅकमध्ये. लिहावंसं वाटलं की काढायचा आणि मागे पेन्सिलने एक रेघ मारायची. लोकलमध्ये शून्य रेघा, कारण एक हात कडीला आणि दुसरा पर्सवर. कॅफेत तीन. घरी दोन. आणि इंटरव्ह्यूत, जिथे मला त्याची सगळ्यात जास्त गरज आहे असं मी सगळ्यांना सांगत होते, तिथे एकच. एका रिटायर्ड नर्सबाईंशी बोलत होते. नाइट ड्युटीबद्दल छान रंगात येऊन सांगत होत्या. मी फळकूट मांडीवर घेतलं आणि त्या एकदम सावरून बसल्या, पदर नीट केला, 'आमच्या वेळी रुग्णसेवा हेच व्रत' वगैरे सुरू झालं. फळकूट परत आत टाकलं. दहा मिनिटांनी नाइट ड्युटी परत आली. मी पावतीच्या मागे चार शब्द खरडले, ते त्यांना दिसलेही नाहीत.

सोमवारी त्या मॉडरेटर मुलीला फोन केला. म्हटलं, "माझी उत्तरं बदलायची आहेत, मी टू-डू लिस्ट करत नाही." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मॅडम, रिपोर्ट शुक्रवारीच गेला हो."