दुखणे गुडघ्याचे, दोष दांडीचा

भातकुलीहून अमरावतीच्या रस्त्याला सायकल घेऊन निघणारे आता थोडेच उरले आहेत, त्यातला मी एक. गेल्या उन्हाळ्यात माझ्या सायकलची फ्रेम जोडाजवळ चिरली. बाकी सामान शाबूत होते, म्हणून एक वापरलेली फ्रेम आणून सगळे तिच्यावर चढवले. चाके बसली, हँडल बसले. सीटची दांडी, जिला मिस्त्री पिलर म्हणतात, ती मात्र उभ्या नळीत खडखड वाजू लागली.

"काही होत नाही भाऊ, पत्रा टाकून देतो," मिस्त्री म्हणाला. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून त्याने दांडीभोवती गुंडाळला आणि नट आवळला. सीट हलेना. मीही खूश.

तीन आठवड्यांनी उजवा गुडघा समोरून दुखायला लागला. वय झाले, असे म्हणून मी तेल चोळत राहिलो. एक दिवस सहज पाहिले, तर सीट चांगली दीड इंच खाली आली होती. रोज सुतभर सरकत होती, त्यामुळे बसणाऱ्याला पत्ताच नव्हता.

सीट खाली गेली की पेडल वर येताना गुडघा जास्त दुमडतो, आणि तशा दुमडलेल्या अवस्थेत जोर लावला की वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. मिनिटाला साठ फेरे धरले तर अर्ध्या तासात एकेका गुडघ्यावर हे १८०० वेळा होते. पेडल अगदी तळाला असताना गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांचा वाक राहावा, असे मानतात. कोनमापक लागत नाही: सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा, पाय तळाशी जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पेडल मारताना हवा तेवढा वाक आपोआप मिळतो.

आता दांडीकडे येऊ. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन फ्रेमना वेगळी दांडी का लागते? कारण माप आतल्या पोकळीचे असते. उभी नळी बाहेरून २८.६ मिलिमीटर आहे असे धरा. पत्रा १.५ मिलिमीटर जाड असेल तर आत २५.६ उरतात आणि २५.४ ची दांडी बसते. हलक्या फ्रेमचा पत्रा ०.६ असेल तर आत २७.४, आणि दांडी २७.२ ची. बाजारातली मापे सहसा ०.२ च्या पायरीने चढतात. दांडीवर माप बहुधा कोरलेले असते, फ्रेमवर क्वचितच. माझी जुनी दांडी २५.४ ची होती, नवी फ्रेम २७.२ ची.

पत्र्याच्या जुगाडाला मी सरसकट नावे ठेवणार नाही. डब्याचा पत्रा सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे एका वेढ्याने दांडीचा व्यास ०.२ ने वाढतो. फरक एका पायरीचा असेल तर एक नीट वेढा चालून जातो. माझ्याकडे १.८ चा फरक होता. त्याला नऊ वेढे हवेत, आणि नऊ वेढे एकमेकांवर सरकणारच. मग मिस्त्री नट आणखी आवळतो, खाचेचे दोन्ही कान वाकून एकमेकांना भिडतात आणि पकड जाते ती जातेच.

गुडघ्याहून मोठा धोका वेगळा आहे. सैल दांडी नळीत डुलते आणि प्रत्येक खड्ड्यात तरफेसारखी खाचेच्या टोकाशी जोर देते. तिथूनच फ्रेम तडकते. सीट उंच हवी म्हणून दांडी फार वर ओढली तरी हेच. किमान अडीच इंच दांडी नळीत राहिलीच पाहिजे. मर्यादेची रेघ असेल तर ती बाहेर दिसता कामा नये.

आपल्याकडे यात खारपाणपट्ट्याची भर. पूर्णेच्या खोऱ्यातले हे खारे पाणी विहिरीतून उपसून आपण सायकल धुतो, ते खाचेतून नळीत उतरते. लोखंड झपाट्याने गंजते. लोखंडी फ्रेममध्ये ॲल्युमिनियमची दांडी असेल तर खाऱ्या पाण्यात या दोन धातूंचा छोटा विद्युतघटच तयार होतो आणि दांडी अशी चिकटते की हातोड्यालाही दाद देत नाही. म्हणून दांडीला ग्रीस लावून बसवायची. माप बरोबर असेल तर ग्रीसने ती घसरत नाही.

मिस्त्र्याला मी दोष देत नाही. त्याच्या खोक्यात दोन-तीनच दांड्या होत्या आणि मोजायला व्हर्नियर नव्हता. पण गिऱ्हाईक म्हणून आपण माप विचारतच नाही, "बसवून द्या" एवढेच म्हणतो. शाळेत मुलांची उंची-वजन नोंदवतात, त्या दिवशी एक पाना घेऊन सायकलींच्या सीटही बघायला हव्यात. मूल वर्षात दोन इंच वाढते, दादाची किंवा ताईची सायकल चालवते, आणि सीट कुणी लावून दिली होती हे कुणालाच आठवत नाही.

मी शेवटी अमरावतीहून २७.२ ची दांडी आणली. ती मिळाली नसती तर ०.९ मिलिमीटर जाडीचा अखंड बुश बसवणार होतो, त्याची खाच फ्रेमच्या खाचेशी जुळवून. दांडीवर नळीच्या तोंडाशी वायरमनची काळी टेप गुंडाळली आहे. सीट सरकली तर टेप आधी चुरगळेल. पावसाळा गेला, टेप अजून सरळ आहे. गुडघा जिने चढताना अधूनमधून बोलतो, पण सायकलवर गप्प असतो.