चांदी गेली तरी दाढ टिकली पाहिजे

करी रोड, लालबाग, चिंचपोकळी या पट्ट्यात गिरण्यांच्या काळात दात दाखवायला गेलेल्या माणसाच्या दाढेत बहुधा ‘चांदी’ भरली जाई. त्या पिढीतल्या कुणी तोंड उघडले, तर आजही एखाद्या दाढेत तो काळपट ठिपका दिसतो. त्यांच्या नातवंडांच्या दातांत मात्र ही चांदी भरली जाणार नाही. बदल योग्यच आहे. प्रश्न आहे तो तिच्या जागी येणाऱ्या पांढऱ्या फिलिंगला लागणारी वेळ, कोरडेपणा आणि जोडीला दुसरे माणूस दवाखान्यात मिळणार का, हा.

लोक ज्याला चांदी म्हणतात ते अमाल्गम म्हणजे चांदी, कथील आणि तांबे यांची भुकटी पाऱ्यात कालवून केलेले मिश्रण. त्यातला जवळपास निम्मा भाग पाऱ्याचा असतो. पाऱ्याचे प्रदूषण रोखण्यासाठी २०१३ मध्ये मिनामाता करार झाला, भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. पंधरा वर्षांखालील मुले, गरोदर व स्तनदा माता यांच्यासाठी अमाल्गम टाळावे, असे २०२२ मध्ये ठरले. नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत २०३४ पर्यंत त्याचा वापर थांबवण्यावर सहमती झाली. म्हणून जुनी, घट्ट बसलेली चांदी घाबरून काढून घेण्याचे कारण नाही. उलट ती कोरून काढताना पाऱ्याची वाफ अधिक निघते आणि दाताचा चांगला भागही जातो.

अमाल्गमचा मोठा गुण म्हणजे ते चुका पोटात घालते. खड्ड्यात थोडा ओलावा राहिला, मूल सारखे थुंकत राहिले, तरी दाबून भरलेले अमाल्गम बरीच वर्षे निभावते. त्याच्या जागी येणारी दोन्ही फिलिंग तेवढी सोशिक नाहीत.

पहिले ग्लास आयोनोमर. हे सिमेंट दाताला रासायनिकरीत्या चिकटते आणि फ्लोराइड सोडते, त्यामुळे मुलांच्या दातांना आणि मुळाजवळच्या किडीला ते सोयीचे. पण बाटलीवर लिहिलेले भुकटी-द्रवाचे प्रमाण पाळले नाही, तर ते कच्चे राहते. कालवायला अर्धा-पाऊण मिनिट मिळते. मिश्रणावरची चकाकी जाण्याआधी ते दातात गेले पाहिजे. चकाकी गेली की दाताला चिकटण्याची ताकदही जाते. भरल्यावर लाळ लागली तर ते झिजते आणि फार कोरडे पडले तर तडकते. म्हणून वरून व्हार्निशचा किंवा व्हॅसलीनचा हात द्यावा लागतो.

दुसरे कंपोझिट, म्हणजे निळ्या दिव्याने कडक होणारे दातांच्या रंगाचे फिलिंग. ते दोनेक मिलिमीटरच्या थरांत भरून प्रत्येक थरावर दिवा धरायचा असतो. घाईने एकच जाड थर दिला, किंवा दिव्याच्या टोकावर जुने फिलिंग चिकटून प्रकाश मंदावला, तर वरचा थर कडक आणि तळ मऊ राहतो. कडक होताना ते थोडे आकसते. दात नीट कोरडा नसेल तर कडेला फट पडून तिथेच पुन्हा कीड लागते. दाढ दुखली की लवंग दाताखाली धरणे इथे घरोघरी चालते. त्याच लवंगेच्या तेलातले युजेनॉल तात्पुरत्या सिमेंटमध्ये असते आणि त्याचे अवशेष राहिले तर कंपोझिट नीट कडक होत नाही. दाढांमध्ये कंपोझिट अमाल्गमपेक्षा जास्त वेळा निकामी होते, असे कॉक्रेनच्या आढाव्यातही दिसले आहे.

हीच गोष्ट कवळीच्या मापाची. समुद्री शेवाळापासून बनणारे अल्जिनेट स्वस्त आणि सोपे, पण बरेचसे पाणीच. उघडे ठेवले तर ते आकसते, पाण्यात बुडवले तर फुगते. माप घेतल्यावर ओल्या कापडात गुंडाळून थोड्याच वेळात त्यात प्लास्टर ओतायला हवे. ते दुपारभर टेबलावर पडून संध्याकाळी लोकलने लॅबला गेले, तर कवळी टोचणारच. मग आजोबा ती डब्यात ठेवून देतात आणि पेज पिऊन दिवस काढतात. सिलिकॉनचे माप दिवसेंदिवस आकार टिकवते, पण महाग पडते. शिवाय काही सिलिकॉन लॅटेक्सच्या हातमोज्यांचा स्पर्श झाला तरी घट्ट होत नाहीत.

या सगळ्यात दोष सामानाचा कमी आणि घाईचा जास्त असतो. एका खोलीच्या दवाखान्यात एकटा डॉक्टर लाळ ओढणारी नळी, दिवा आणि सिमेंट एकाच वेळी सांभाळतो. बाहेर दहा जण बसलेले असतात. पालिकेच्या आणि सरकारी दंत विभागांतली गर्दी तर याहून मोठी. चांदीच्या काळात हे खपून गेले. आता ते खपणार नाही, आणि त्याची किंमत मोजेल तो दुसऱ्यांदा फिलिंगचे पैसे भरू न शकणारा माणूस.

म्हणून पारा बंद करण्याच्या तारखेसोबत सरकारने आणि महापालिकेने आणखी काही ठरवायला हवे. प्रत्येक दंत खुर्चीमागे एक प्रशिक्षित मदतनीस, चालू स्थितीतली लाळ ओढणारी नळी, दात कोरडा ठेवणारा रबर डॅम, दिव्याची नियमित तपासणी आणि पांढऱ्या फिलिंगसाठी जास्त मिनिटांची वेळ. उरलेले अमाल्गम गटारात न जाता वेगळे गोळा होईल, हेही पाहावे. रुग्णांनीही ‘पांढरे की चांदीचे’ एवढेच विचारून थांबू नये. ‘दात कोरडा कसा ठेवणार आणि किती वेळ लागेल’ हे विचारावे. अर्धा तास लागेल म्हणणाऱ्या डॉक्टरवर चिडण्यापेक्षा तो अर्धा तास द्यावा. दाढ वाचते ती त्याच वेळेत.