भेग बुजवू नका, सांधा बांधा



एका खोलीच्या दोन करायच्या झाल्या की हल्ली पुष्कळ घरांत विटांऐवजी जिप्सम बोर्डाचे पार्टिशन उभे राहते. वजनाला हलके, काम झटपट आणि घरात सिमेंट-वाळूचा पसारा नाही. आमची थोरली बारावीला गेली तेव्हा तिला अभ्यासाला आडोसा हवा म्हणून आम्हीही असेच पार्टिशन करून घेतले. कारागिराने बोर्ड बसवले, सांध्यांत पीओपी भरले, वर रंग दिला. पावसाळा सरला आणि दर चार फुटांवर वरपासून खालपर्यंत केसासारखी उभी भेग उमटली. मी लांबी भरून रंग लावला. दोन महिन्यांत भेग पुन्हा हजर! पोरगी म्हणाली, "आई, पैसे पाण्यात गेले गं."

माझे मामा जन्मभर रंगकाम करीत आले. त्यांनी भेगेवरून नख फिरवले आणि म्हणाले, "पोरी, भेग बुजवायची नसते, सांधा बांधायचा असतो. यात टेपच नाही."

कारण साधे आहे. दोन बोर्ड म्हणजे दोन वेगळे तुकडे. दार आपटले, हवा बदलली की ते किंचित हलतात. पीओपी कडक असते, पण ताण सोसत नाही. तो ताण घेते दोन्ही बोर्डांना धरून ठेवणारी कागदी टेप.

सामान थोडेच लागते: जॉइंटिंग कंपाउंड, दोन इंच रुंदीची कागदी जॉइंट टेप, चार, आठ आणि बारा इंची पत्रे, १५० किंवा १८० नंबरचा पॉलिश पेपर आणि नाकाला मास्क. भुकटीचे कंपाउंड पाण्यात थोडे थोडे टाकून लोण्याइतके मऊ कालवा. काही प्रकार अर्ध्या-पाऊण तासात घट्ट होतात. घट्ट झालेल्यात पुन्हा पाणी घालू नका. ते फेकून द्या.

जुना सांधा असेल तर आधी सैल पीओपी खरवडून काढा. फाटलेला कागद सुरीने कापा, दोन्ही बाजूंचा रंग तीन-तीन इंच घासा आणि धूळ पुसा. बोर्डाच्या लांब कडा मुद्दाम किंचित पातळ केलेल्या असतात. त्या जुळल्या की मध्ये उथळ खळगा राहतो, तो टेप आणि कंपाउंडसाठीच असतो.

फट भरून वाळू द्या. मग चार इंच रुंदीचा पातळ थर द्या, त्यावर बरोबर मधोमध टेप ठेवा आणि पत्र्याने मधून टोकांकडे दाबत न्या. जास्तीचे कंपाउंड बाहेर आले पाहिजे, पण टेपखाली कोरडी जागा राहता कामा नये. फुगा आला तर तेवढा भाग कापून पुन्हा लावा. तो पुढे हमखास सुटतो.

दुसरा हात आठ इंची पत्र्याने, तिसरा बारा इंची पत्र्याने. प्रत्येक हात आधीच्यापेक्षा रुंद आणि पातळ. एकदम जाड भरले तर वाळताना आकसून तडे जातात. तयार कंपाउंडला दोन हातांमध्ये एक दिवस द्या, पावसाळ्यात दोन. कापलेल्या कडांच्या सांध्यावर खळगा नसतो, म्हणून तिथे उंचवटा येतो. तिथे थर दीड-दोन फूट रुंद पसरवा. आतल्या कोपऱ्यात टेप मधोमध दुमडून बसवा. स्क्रूची डोकी कागद न फाडता जरा आत गेलेली असावीत. त्यांच्यावरही दोन-तीन हात द्या.

शेवटी हलक्या हाताने घासा. टॉर्च भिंतीला लागून तिरकी धरली की उंचसखल लगेच दिसते. ही धूळ छातीला वाईट. लेकरे आणि म्हातारी माणसे बाहेर पाठवा. घरात दम्याचे माणूस असेल तर ओल्या स्पंजनेच घासा. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. मग प्रायमर आणि त्यावर रंग.

एक इशारा: मोरीच्या भिंतीला साधे बोर्ड लावू नका. पाणी लागून ते फुगते. मग कोणतीही टेप कामाला येत नाही.

आम्हा मायलेकींना हे सारे करायला चार रविवार लागले. एका सांध्याला फुगा आला, तो मामांनी उकरायला लावला. पुढचा पावसाळा गेला, भेग आली नाही. लेक आता पाहुण्यांना सांगते, "ही भिंत आम्ही केली."

तुम्ही कारागिराला काम देणार असाल तर रंग कोणता, हे नंतर ठरवा. आधी एवढेच विचारा: सांध्याला टेप लावणार ना, आणि किती दिवस वाळू देणार? तो "एका दिवसात उरकतो" म्हणाला, तर दुसरा माणूस पाहा.