खलनायक तीन असले म्हणून काय बिघडलं?

सुपरहिरोपटात खलनायक वाढले की चित्रपट फसतो, हे आता गृहीतच धरलं जातं, आणि पुराव्यादाखल सॅम रायमीच्या २००७ च्या ‘स्पायडर-मॅन ३’कडे बोट दाखवलं जातं. मला हे निदान चुकीचं वाटतं. आजारी मुलीसाठी चोऱ्या करणारा फ्लिंट मार्को, म्हणजेच सँडमॅन, बेनकाकांचा मारेकरी निघतो आणि पीटर, म्हणजेच स्पायडर-मॅन, त्याला माफ करू शकेल का, असा पेच पडतो. वडिलांच्या मृत्यूचा सूड घ्यायला निघालेल्या पीटरच्या मित्रापुढे, हॅरीपुढे, तोच पेच पीटरच्या बाबतीत आहे. दोन खलनायक एकमेकांचा अर्थ गडद करतात. बिघडतं ते व्हेनममुळे. रायमीला या पात्राची ओढ नव्हती. निर्माते अवी अराद यांच्या आग्रहामुळे ते आलं. कागदावर व्हेनम झालेला एडी ब्रॉकही सूडाच्याच गोष्टीत बसतो, पण त्याला वगळलं तरी पीटर, मार्को आणि हॅरी यांची गोष्ट जागची हलत नाही. उलट, एका गल्लीत तो सँडमॅनशी चार वाक्यांत हातमिळवणी करतो आणि इतक्या मायेने उभा केलेला मार्को तिथून पुढे निव्वळ वाळूचा राक्षस उरतो.

हीच कसोटी ‘द डार्क नाइट’ला (२००८) लावून पाहा. बॅटमन आणि सरकारी वकील हार्वी डेंट यांनी कोंडीत पकडलेले माफिया नाइलाजाने जोकरला सुपारी देतात, जोकर डेंटचा टू-फेस करतो आणि टू-फेसने केलेले खून बॅटमनला स्वतःच्या माथी घ्यावे लागतात. यातली एकही कडी काढता येत नाही. टू-फेसला वेळ फार कमी मिळाला, ही तक्रार मला पटत नाही, कारण त्याआधी बराच वेळ आपण त्याच माणसाचा सच्चेपणा पाहत असतो. पतन भिडतं ते त्यामुळेच.

‘नो वे होम’मध्ये (२०२१) पाच खलनायक चालले ते जुन्या चित्रपटांतून ओळखीचे होते म्हणून, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. ओळखीने वेळ वाचला, हे खरंच. लिझर्डच्या वाट्याला फारसं काही आलं नाही, हेही खरं. पण त्यांना आपापल्या विश्वात परत पाठवणं म्हणजे मरणाच्या दारी सोडणं, म्हणून आधी बरं करायचं, हा पीटरचा निर्णय पाचही जणांना एकत्र बांधतो, आणि त्याच निर्णयापायी तो मेकाकूला गमावतो. कॉमिक्समध्ये खलनायकांची टोळीच असते, असंही म्हटलं जातं. ‘सिनिस्टर सिक्स’ १९६४ पासून आहेत, पण कॉमिक्सला दर महिन्याचा नवा अंक मिळतो, चित्रपटाला जेमतेम अडीच तास. ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन २’ने (२०१४) त्या अडीच तासांतही पुढच्या ‘सिनिस्टर सिक्स’ची पेरणी केली. हॅरीचा ग्रीन गॉब्लिन घाईघाईने उरकला, ऱ्हायनोला चिलखत घालून शेवटच्या काही मिनिटांत उभं केलं. ज्या चित्रपटासाठी ही सगळी तडजोड केली, तो पुढे बनलाच नाही.