अर्धशिशी आणि हजेरीपट

औद्योगिक अर्थशास्त्राच्या अभ्यासात कामगारांच्या गैरहजेरीची चर्चा हटकून होते. सण, लग्नसराई, सुगी, व्यसन अशी कारणे तीत ओळीने मांडली जातात. डोकेदुखीला तेथे फारसे स्थान नाही, कारण डोके दुखणे ही आपल्याकडे आजारापेक्षा सबबच अधिक मानली जाते. पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या, तिन्ही पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यांच्या पट्ट्यात या समजुतीची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न मात्र अर्थशास्त्राच्या कक्षेतलाच आहे.

अर्धशिशी म्हणजे नुसती डोकेदुखी नव्हे. तो मेंदूचा व मज्जातंतूंचा विकार आहे. बहुधा डोक्याच्या एका बाजूला ठणका लागतो, जिना चढला तरी तो वाढतो, मळमळते, उलटी होते, उजेड आणि आवाज सोसवत नाही. काहींना दुखणे सुरू होण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी, लखलखत्या रेषा दिसतात. उपचार न केल्यास हा त्रास चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकतो. उलटी झाली म्हणजे आपल्या घरांत ‘पित्त झाले’ असे निदान होते, आणि उलटीनंतर थोडा उतार पडला की ते निदान पक्के होते! वास्तविक सुश्रुतसंहितेने ‘अर्धावभेदक’ या नावाने हा विकार फार पूर्वी वेगळा काढला होता.

हा विकार दुर्मीळ आहे असेही नाही. २०१६ च्या जागतिक रोगभार अभ्यासात, माणसाची जी वर्षे आजारामुळे पंगू अवस्थेत जातात त्यांच्या कारणांत अर्धशिशीचा क्रमांक कंबरदुखीखालोखाल दुसरा लागला. बंगळूर परिसरातील पाहणीत, जिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, सुमारे चतुर्थांश प्रौढांना वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झाल्याचे आढळले. स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांहून बरेच अधिक होते.

ज्याला हा विकार आहे त्याने झोपेच्या आणि जेवणाच्या वेळा सांभाळाव्यात, असा पहिला सल्ला डॉक्टर देतात. आठवड्याला पाळी बदलणाऱ्या कामगाराने तो पाळावा कसा? त्यात वेल्डिंगचा लखलखाट, प्रेस शॉपचा आवाज, रंगाचा आणि थिनरचा वास. अर्धशिशी उठवण्यास यातले एकेक पुरेसे असते. प्रस्तुत लेखक वीस वर्षे या दुखण्याबरोबर संसार करीत आला आहे. परंतु तास सोडून अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याची सोय अध्यापकाला असते. किरकोळ रजेचा अर्ज दिला की पगार शाबूत राहतो. शाळेतले शिक्षक आणि कचेरीतले कारकून यांनाही ही सवलत ठाऊक आहे. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत मात्र खाडा तो खाडाच. त्या दिवसाची मजुरी जाते आणि जेथे पूर्ण हजेरीचा भत्ता असतो तेथे तोही जातो.

यासाठीच राज्य विमा योजना नाही काय, असे कोणी विचारील. औषधोपचार तिच्यातून मिळतात, हे खरे. पण १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याच्या ४९ व्या कलमाने आजारपणाचा रोख लाभ पहिल्या दोन दिवसांसाठी नाकारला होता. आधी लाभ मिळालेल्या आजारपणानंतर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजार आला तरच ही अट सुटत असे. किरकोळ दावे टाळण्यासाठी विम्यात अशी अट घालतात, आणि तो हेतू अगदीच गैर नाही. पण अर्धशिशीच्या रोग्यावर तिचा परिणाम काय होतो ते पाहा. महिन्यातून दोनदा एकेक दिवस आजारी पडणारा कामगार वर्षात चोवीस दिवसांची मजुरी गमावतो आणि त्याला एक पैही मिळत नाही. पहिला लाभच मिळालेला नसल्याने सवलतीचे दारही त्याला कधी उघडत नाही. सलग चोवीस दिवस अंथरुणाला खिळलेल्या माणसाला मात्र बावीस दिवसांचा लाभ मिळे.

मग कामगार करतो काय? वेदनाशामक गोळी घेऊन कामावर जातो. अशी साधी गोळी महिन्यातून पंधरा वा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर ती गोळीच डोकेदुखीचे कारण होऊन बसते. अर्धशिशीची खास औषधे १९९० च्या दशकापासून आहेत, प्रतिबंधक औषधेही आहेत. पण ती लिहून देण्यासाठी आधी कोणीतरी दुखण्याचे नाव ओळखायला हवे. (डोके आजवर कधी दुखले नव्हते इतके एकाएकी दुखू लागले, अथवा हातपाय लुळे पडले, तर ती अर्धशिशी न समजता तत्काळ रुग्णालय गाठावे.)

१९४८ चा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे, आणि लाभाच्या अटी नियमांनी ठरवण्याची मुभा संहितेने केंद्र सरकारला दिली आहे. ज्या विमाधारकाच्या वारंवार उठणाऱ्या अर्धशिशीचे निदान विमा वैद्यकीय अधिकाऱ्याने एकदा नोंदवले आहे, त्याचे वर्षातील आजारपणाचे दिवस एकत्र मोजावेत आणि दोन दिवसांची प्रतीक्षा वर्षातून एकदाच लावावी. याला पैसे लागतील. पण आज तेवढेच पैसे कामगाराच्या मजुरीतून जात आहेत. पाळीच्या मध्यावर दोन तास अंधारात पडून राहता येईल अशी एक खोली मोठ्या कारखान्यांना आपल्या दवाखान्याशेजारी आजही देता येईल. त्यासाठी नियमांची वाट पाहण्याचे कारण नाही.