तलाव कोणाचा?

लालबाग-परळच्या नव्या टॉवरांची माहितीपत्रकं चाळण्याचा मला छंद आहे. बँकेत असताना गृहकर्जाच्या प्रकरणांबरोबर ती टेबलावर येत. निवृत्तीनंतरही सवय सुटली नाही. त्यांत बहुधा एक निळाशार तलाव असतो. त्यात एकच माणूस पोहत असतो आणि काठावरच्या खुर्च्या रिकाम्या असतात. त्या जमिनीवर एके काळी तीन पाळ्यांत माणसं राबत होती, हे चित्रात दिसत नाही. दिसावं अशी अपेक्षाही नाही. मला प्रश्न पडतो तो एवढाच, की भिंतीपलीकडच्या मुलांनी पोहायला शिकायचं कुठे?

गंमत अशी, की गिरणगावाला पाण्याचं वावडं मुळात नव्हतंच. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून आलेल्या पहिल्या पिढीतले कितीतरी जण विहिरीत नाहीतर नदीत पोहायला शिकलेले. पाठीला वाळका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधायचा, काकाने काठावरून ढकलायचं, की चार-आठ दिवसांत पोरगं सूर मारायला तयार! त्यांची मुलं मुंबईत चाळीच्या एका खोलीत वाढली. त्यांच्यासाठी पाणी म्हणजे पहाटेचा नळ आणि मोरीतलं पिंप. गिरण्यांच्या आवारात तळी होती, पण ती यंत्रांच्या वाफेसाठी. माणसांच्या सुखासाठी नव्हेत. बापाला येत होतं ते मुलाला आलं नाही. आज गणपती घेऊन गिरगाव चौपाटीच्या पाण्यात शिरणाऱ्या कितीजणांना पोहता येतं? कोळी बांधव आणि जीवरक्षक पाण्यात उभे असतात, म्हणून निभावतं.

तलावात कोणी उतरायचं, हा प्रश्न या शहराला नवा नाही. ब्रीच कँडीचा तलाव युरोपियनांचा. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं तिथे भारतीयांना मज्जाव होता. चौपाटीवरच्या मफतलाल बाथच्या नावातच ‘हिंदू’ हा शब्द होता. आणि ज्या परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब आंबेडकर राहत, तिथून ते महाडला गेले आणि २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचं पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं. त्या तळ्याचा दावा उच्च न्यायालयात निकाली निघायला १९३७ साल उजाडलं. आता जात विचारणारी पाटी नाही. तिच्या जागी सोसायटीचं ओळखपत्र आलं आहे.

या भागात सर्वांना खुला असा मोठा आधार म्हणजे शिवाजी पार्कचा महापालिकेचा महात्मा गांधी स्मारक जलतरण तलाव. लांबी ५० मीटर, वर आभाळ. ऑक्टोबर २०२३मध्ये त्यात मगरीचं पिल्लू सापडलं, तेव्हा त्याची कीर्ती देशभर पसरली! पण एक तलाव किती वस्त्यांना पुरणार?

जागा नव्हती असं नाही. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे व्हायचे होते: एक सार्वजनिक मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाचा. २००१मध्ये नियम बदलला आणि हे वाटे फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरते उरले. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. शहराचा वाटा आक्रसला तो आक्रसलाच.

अजून एक संधी हातात आहे, ती बीडीडी चाळींची. नायगावला अशा ४२ चाळी आणि ना. म. जोशी मार्गावर ३२. चाळीमागे ८० खोल्या. म्हणजे जवळपास सहा हजार कुटुंबांना १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचं घर मिळायचं आहे. वरळीत ऑगस्ट २०२५मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. एवढ्या मोठ्या वसाहतींत महापालिकेचा एकेक छप्पर असलेला तलाव हवा, असं माझं म्हणणं आहे. छप्पर अशासाठी, की पावसाळ्याचे चार महिने वाया जाऊ नयेत, भर दुपारीही शाळांचे वर्ग चालावेत आणि खिडक्याखिडक्यांतून बघणाऱ्यांच्या नजरा टाळून मुलींना आणि त्यांच्या आयांनाही निर्धास्त पाण्यात उतरता यावं.

‘प्यायला पाणी नाही आणि यांना तलाव हवाय!’ हा आक्षेप मला ऐकू येतोय. हिशेब करू. २५ मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि सरासरी १.३ मीटर खोल तलावात सुमारे पाच लाख लिटर पाणी मावतं. मुंबईला रोज ३८५ कोटी लिटरच्या आसपास पाणी पुरवलं जातं. शिवाय तलाव रोज भरावा लागत नाही. वाळूच्या गाळणीतून फिरवून, क्लोरीन घालून तेच पाणी वापरतात. भर घालायची ती वाफ होऊन उडालेल्या आणि गाळण्या धुण्यात गेलेल्या पाण्याची. सहा पट्टे, दर पट्ट्यात आठ जण धरले तर तासाला ४८ आणि चौदा तासांत ६७२ माणसं पोहतील. माहितीपत्रकातल्या त्या एकट्या माणसाशी तुलना करून पाहा.

खरी अडचण निराळी आहे. आपल्याकडे बांधायला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही. बंदिस्त तलावात क्लोरीनची दमट हवा कोंडते. पंखे बंद पडले की डोळे चुरचुरतात आणि छताचं लोखंड गंजतं. जीवरक्षकाचा पगार वाचवणं तर जिवावर बेतणारं. म्हणून बांधकामाच्या वेळीच विकासकाकडून ठेव घ्यावी आणि तिच्या व्याजातून पगार, गाळण्या, दुरुस्ती चालवावी. मुद्दलाला हात लावायचा नाही. हा साधा बँकेतला शहाणपणा आहे.

जगात हे नवं नाही. इंग्लंडने १८४६मध्ये कायदा करून कामकरी वस्त्यांत सार्वजनिक स्नानगृहांची वाट मोकळी केली; तिथे पुढे पोहण्याचे तलावही झाले. सिंगापूरच्या सरकारी वसाहतींजवळ नाममात्र शुल्कात तलाव आहेत. तिथे २०१०पासून मुलांना पोहण्याबरोबर पाण्यात जीव कसा वाचवायचा हेही शिकवलं जातं. बुडून जगात दरवर्षी सुमारे तीन लाख माणसं मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तेव्हा पोहणं ही चैन नव्हे. सायकल चालवण्यासारखी, रस्ता ओलांडण्यासारखी शिकून ठेवायची गोष्ट आहे.

नव्या घरांचे नकाशे कागदावर आहेत तोवर रहिवाशांनी हा प्रश्न विचारायला हवा. लिफ्ट किती, गाड्यांना जागा किती, हे आपण विचारतोच. त्याबरोबर एवढंही विचारावं: या वसाहतीतलं दहा वर्षांचं मूल पोहायला कुठे शिकणार? आणि शेजारच्या वस्तीतल्या मुलाला त्याच पाण्यात उतरता येणार की नाही?