एकाच उडीची तीन नावे

वणीच्या रंगनाथस्वामींच्या जत्रेत मी डोंबाऱ्याचा खेळ प्रथम पाहिला, त्याला आता पंचेचाळीस वर्षे होत आली. बैलबाजाराच्या कडेला दोन ठिकाणी कात्रीसारखे बांबू रोवून त्यांवर दोर ताणलेला होता. माझ्याच वयाची एक मुलगी हातात आडवी काठी घेऊन त्यावरून चालत होती. खाली बाप ढोल वाजवीत होता आणि आई थाळी घेऊन लोकांपुढून फिरत होती. मुलगी दोराच्या मध्यावर आली तेव्हा भोवतालची गर्दी श्वास रोखून उभी होती. घरी परतल्यावर आम्ही भावंडांनी उड्या मारून माजघर डोक्यावर घेतले, तेव्हा आजी ओरडली, "काय डोंबाऱ्याचा खेळ मांडला रे पोट्टेहो!" ज्या खेळाने तासाभरापूर्वी जत्रेला मुके केले होते, त्याचेच नाव घरात धिंगाण्याला मिळाले. पुढे मी भाषाविज्ञानाकडे वळले. हा विरोध मात्र मनातून गेला नाही.

विद्यार्थी मित्रांनो, अर्थपरिवर्तनाच्या घटकात आपण अर्थविस्तार, अर्थसंकोच, अर्थोत्कर्ष आणि अर्थापकर्ष या प्रक्रिया अभ्यासतो. परीक्षेपुरती त्यांची एकेक उदाहरणे पाठ केली जातात आणि प्रक्रिया आपोआप घडते, असा समज करून घेतला जातो. माझे मत निराळे आहे. शब्दाचा अर्थ वर चढतो किंवा खाली घसरतो, तो पुष्कळदा त्या शब्दामागच्या माणसाच्या सामाजिक स्थानाबरोबर. भटक्या कसरतकारांविषयीची मराठी शब्दावली याची ठळक साक्ष देते.

'नट' हा शब्द घ्या. संस्कृतात अभिनय करणारा, नाचणारा आणि शरीराची कसरत दाखविणारा या सर्वांना तो लागू होता. उत्तर भारतात आजही 'नट' म्हटले की दोरावर चालणारी भटकी जमात डोळ्यांपुढे येते. मराठीत मात्र तो रंगभूमीवर आणि चित्रपटात गेला, प्रतिष्ठित झाला. हा अर्थोत्कर्ष. त्याच व्यवसायातला 'डोंबारी' मात्र रस्त्यावर राहिला आणि त्याच्या खेळाचे नाव गोंधळाला, पोरकट दिखाव्याला चिकटले. हा अर्थापकर्ष. 'कोलांटी उडी' या शब्दाचे नाते कोल्हाटी या जमातीच्या नावाशी जोडले जाते. ती उडी आज आपण पक्ष बदलणाऱ्या पुढाऱ्याच्या पदरी बांधतो. अर्थसंकल्पाच्या बातमीत हमखास भेटणारी 'तारेवरची कसरत' हीदेखील त्यांचीच ठेव. 'कसरत' या शब्दाचे मूळ अरबी आहे आणि तेथे त्याचा अर्थ विपुलता असा आहे. मराठीत तो व्यायामाला, सरावाने साधलेल्या शरीरकौशल्याला लागला. मात्र 'डोंबाऱ्याचा खेळ' म्हणताना तो सराव आपल्याला दिसत नाही.

या कौशल्याला समाजाने एकच नाव दिलेले नाही. शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार सादर केले. त्यांना आपण 'प्रात्यक्षिक' म्हणतो आणि त्यांचा अभिमान बाळगतो. मल्लखांबाच्या कार्यासाठी उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली, याचाही आनंदच वाटतो. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी केली. तंबूला दार आले, दाराशी तिकीट आले आणि कसरतीचा 'प्रयोग' झाला. आखाड्यात प्रात्यक्षिक, तंबूत प्रयोग. मग तीच उडी उघड्या रस्त्यावर, तिकिटाविना मारली तर तिचे नाव काय?

तिचे नाव कायद्याने दिले आहे. भीक मागण्यास प्रतिबंध करणारा मुंबई राज्याचा १९५९ सालचा कायदा भीक मागण्याची व्याख्या करतो. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा खेळ करून दाखविणे अशा निमित्ताने सार्वजनिक ठिकाणी दान मागणे किंवा घेणे हेही त्या व्याख्येत भीकच ठरते. विदर्भ तेव्हा त्याच राज्यात होता. कायद्याच्या दृष्टीने खेळ ही केवळ सबब आहे. दोरावरचा तोल, लोखंडी कड्यातून अंग आक्रसून बाहेर पडणे, वर्षानुवर्षांचा सराव या साऱ्यांची गणना 'सबब' या एका कल्पनेत होते. हाच कायदा दिल्लीला लागू होता. तेथील उच्च न्यायालयाने २०१८ साली त्यातील अनेक तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. शब्दांनी काय फरक पडतो, असे विचारणाऱ्यांनी ही व्याख्या वाचावी. कलावंत आणि भिकारी यांच्यातली रेषा येथे एका शब्दाने पुसली गेली आहे, आणि ती पुसली गेल्यामुळे त्या माणसाला उठविण्याचा अधिकार इतरांना मिळाला आहे.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो रास्त आहे. दोरावर चालणारी ती मुलगी शाळेत असायला हवी होती; तिच्या खेळाचे गोडवे गाऊन आपण तिच्या दारिद्र्याचे उदात्तीकरण तर करीत नाही ना? परीकथांतून आणि चित्रपटांतून भटक्या कसरतकारांचा तांडा नेहमी स्वच्छंद असतो. आज या गावी, उद्या त्या राज्यात. त्या कल्पनाविश्वात दोर कधी तुटत नाही, कोणी उपाशी निजत नाही आणि मुलांना शाळा लागत नाही. तुच्छता आणि हा स्वप्नाळूपणा यांत मला फारसे अंतर दिसत नाही. दोन्हींत खरा माणूस अदृश्यच राहतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सर्कशीत बालकांना कामास ठेवण्यास मनाई केली, ती योग्यच होती. कला टिकावी म्हणून एखाद्या मुलीने दोरावरच राहावे, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु ती शाळेत आल्यावर तिच्या वर्गातले पुस्तक आणि शिक्षक तिच्या आईबापांच्या विद्येचे नाव चेष्टेसाठी वापरीत असतील, तर ती शाळेत टिकेल कशी?

मराठी साहित्याने या लोकांकडे पाहिलेच नाही, असे नाही. एकनाथांनी आपल्या भारुडांत कोल्हाटिणीलाही वाचा दिली आणि तिच्या रूपातून परमार्थ सांगितला. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात 'फिरस्त्यां'चा सविस्तर विचार केला. पण तो कुणब्यावर पडणारा भार म्हणून. या दोन्हींत बोलणारा दुसराच कोणी होता. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ साली आले, तेव्हा त्या घरातला माणूस स्वतः बोलू लागला. आधीचे लेखन अभ्यासताना हा फरक विसरता कामा नये.

भाषेच्या अभ्यासकांकडेही थोडा दोष येतो. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा अकरावा खंड १९२२ साली प्रसिद्ध झाला. भटक्या जमातींच्या भाषांना वाहिलेल्या या खंडात कोल्हाटी आणि नटी यांची नोंद आहे. परक्याला कळू नये म्हणून शब्दांतले वर्ण बदलण्याच्या युक्त्याही त्यात टिपल्या आहेत. या गुप्त बोलींकडे दीर्घकाळ संशयाने पाहिले गेले. मला वाटते, ज्याला प्रत्येक वेशीवर हटकले जाते, त्याला आपले घर भाषेतच बांधावे लागते. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडाने भटक्या-विमुक्तांच्या अनेक भाषांना सन्मानाने जागा दिली. परंतु दोर, बांबू, गाठी, तोल, उड्यांचे प्रकार, शिकवतानाच्या सूचना ही व्यवसायाची शब्दसंपत्ती प्रामुख्याने बोलणाऱ्यांच्या तोंडीच आहे. मुले दुसऱ्या कामांना लागली, आणि लागावीतच, की ती एका पिढीत संपेल.

यवतमाळ जिल्ह्याचा विद्यार्थी या कामासाठी विशेष सुसज्ज आहे. वऱ्हाडी, कोलामी, गोंडी आणि गोरमाटी त्याच्या कानावरून रोज जातात. प्रमाण मराठी हीच एकमेव मराठी नाही, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. आपल्या विद्यापीठाची पुस्तिका वाचणाऱ्यांपैकी काहींचे आईवडील कधीकाळी पालातच राहत असतील. त्यांनी ही शब्दावली स्वतः लिहावी. इतरांनी अनुमती घेऊन, नम्रपणे ती ऐकावी. ऐकताना त्या माणसाला 'अहो' म्हणावे, त्याच्या वेळेचा मोबदला द्यावा आणि लिहिलेले त्याला वाचून दाखवावे.

वणीच्या जत्रेत आईने फिरविलेल्या थाळीत मी दहा पैसे टाकले होते. ती भीक नव्हती, त्या खेळाचे मोल होते, हे तेव्हा मला कोणी सांगितले नाही. आज वर्गात अर्थापकर्ष शिकविताना मी 'डोंबाऱ्याचा खेळ' हेच उदाहरण फळ्यावर लिहिते, आणि व्याख्या सांगण्याआधी त्या मुलीची हकिगत सांगते.